खाडीकांठची जमीन



ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावरील एखाद्या नव्या इमारतीचें माहितीपत्रक आज हातांत घेतलें, तर दिवाणखान्याच्या लांबीरुंदीच्याही अगोदर त्यांत एका गोष्टीचा उल्लेख आढळतो. ती म्हणजे खिडकींतून दिसणारी खाडी. मजला जितका उंच तितकी खाडी अधिक दिसते, आणि खाडी जितकी अधिक दिसते तितकी किंमत अधिक पडते. चाळीस वर्षांपूर्वीं याच खाडीकडे कोणी हौसेनें खिडकी ठेवीत नसे. तिच्याकडे कारखान्यांच्या मागच्या भिंती असत. आणि त्याच्याही आधीं, आगगाडी येण्यापूर्वींच्या काळीं, हीच खाडी या मुलखाचा हमरस्ता होती. रस्ता, मोरी आणि देखावा अशीं तीन रूपें एकाच पाण्यानें कशीं घेतलीं, आणि प्रत्येक पालटाच्या वेळीं कांठावरच्या माणसांचें काय झालें, हें आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम भूगोल थोडा स्पष्ट करतों. कारण ठाणेकर जिला नुसती 'खाडी' म्हणतात त्या वस्तुतः दोन खाड्या आहेत. उल्हास नदी सह्याद्रींत उगम पावून कर्जत आणि बदलापूर या गांवांवरून कल्याणास येते. तेथें काळू नदी तिला मिळते. पुढें भरतीचें पाणी घेत ती कोलशेत, गायमुख, घोडबंदर या वाटेनें वसईस समुद्राला मिळते. दुसरी ती ठाण्याची खाडी. ही मुंबई बंदरांतून उत्तरेकडे आंत शिरते आणि कळव्यापाशीं एका अरुंद फाट्यानें पहिलीस जोडली जाते. या दोन पाण्यांमुळेंच साष्टी हें बेट झालें, आणि या दोन पाण्यांमुळेंच ठाणें व कल्याण हीं समुद्रापासून इतक्या आंत असूनही बंदरें झालीं.

कल्याणची थोरवी सांगावयास फार मागें जावें लागतें. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचीं जीं नांवें कोरलेलीं आहेत त्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. व्यापारी आहेत तसे कारागीरही आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकांत या बंदराविषयीं एक चमत्कारिक नोंद आहे. येथें पूर्वीं रीतसर व्यापार चाले. परंतु राजसत्ता पालटल्यावर त्यास अडथळा झाला, आणि ग्रीक गलबतें येथें आलींच तर त्यांना पहाऱ्यांत भडोचला नेलें जाऊं लागलें, अशी ती नोंद होय. ध्यानांत घ्या, बंदर गाळानें भरलें नव्हतें. तें हुकमानें बंद झालें होतें. या कांठाचें दैव दूर बसलेल्या कोणाच्या तरी निर्णयानें फिरावें, हा प्रकार इतका जुना आहे. पुढें सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाचा ख्रिस्ती प्रवासी कल्याणास मोठी पेठ म्हणतो, आणि पितळ, शिसवी लांकूड व कापड हा तेथील माल म्हणून सांगतो. तेव्हां बंदर पुन्हां उघडलें होतें हें उघड आहे.

शिवाजीमहाराजांनीं २४ ऑक्टोबर १६५७ रोजीं कल्याण-भिवंडी घेतली आणि थोड्याच अवधींत या खाडीच्या कांठीं लढाऊ गलबतें बांधण्यास आरंभ केला. १६५९ च्या सुमाराच्या पोर्तुगीज कागदपत्रांत या उद्योगाविषयींची चिंता स्पष्ट दिसते. जंगलचें सागवान आणि समुद्राकडे नेणारें भरतीचें पाणी हीं दोन्ही येथें एके ठिकाणीं येत होतीं. मराठी आरमाराचा आरंभ दुर्गाडीच्या परिसरांत झाला, असें कल्याणकर अभिमानानें म्हणतात तें निराधार नाहीं.

ठाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें येथील चामड्याचा आणि सुती कापडाचा व्यापार नमूद केला. पोर्तुगीजांनीं १७३० च्या सुमारास खाडीच्या कांठीं किल्ला बांधावयास घेतला. १७३७ त चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला, आणि १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो घेतला. इंग्रजांनीं त्याचा तुरुंग केला. १८१६ सालीं त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटले. १९ एप्रिल १९१० रोजीं अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक देशपांडे यांना येथेंच फांशी देण्यांत आलें. खाडीकांठची उत्तमांतली उत्तम जागा भिंतीआड जाण्याचा ठाण्यांतील हा पहिला ठळक प्रसंग. ती भिंत अजून उभी आहे, आणि तिच्या आंत अजून कारागृहच आहे. पाण्याच्या कांठीं किल्ला असलेल्या शहरांत किल्ल्यावरून पाणी पाहण्याची सोय सामान्य माणसाला दोन शतकें नाहीं, ही गोष्ट ठाणेकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं त्यांत कांहीं विचित्र आहे असें कोणास वाटतही नाहीं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी चारशें निमंत्रितांना घेऊन एकवीस मैलांवरील ठाण्यास आली. १ मे १८५४ रोजीं ती खाडी ओलांडून कल्याणास पोंचली. १८६३ त बोरघाट आणि १८६५ त थळघाट लोहमार्गानें चढला गेला, आणि कल्याण बंदराचें कल्याण जंक्शन झालें. या दिवसाचे आपण उत्सव करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या दिवशीं गाडी पुलावरून गेली त्या दिवशीं पुलाखालचें पाणी दुय्यम झालें. पडाव आणि मचवे लगेच नाहींसे झाले नाहींत. मीठ, गवत, लांकूड, रेती असा अवजड व स्वस्त माल पुढेंही बराच काळ पाण्यावरून जात राहिला. मुंब्र्याजवळचें रेतीबंदर हें नांव त्या व्यवहाराची खूण म्हणून राहिलें आहे. खाडीच्या तळांतून काढलेली रेती मुंबईच्या इमारतींत गेली. आज खाडीकांठीं जे मनोरे उठत आहेत त्यांच्या कितीतरी आधीं खाडीच इमारतींत शिरली होती म्हणावयाची!

आतां कारखान्यांकडे वळूं. कारखाना पाण्याच्या कांठीं कां येतो, याचें उत्तर सोपें आहे. त्याला पाणी घ्यावयाचें असतें आणि पाणी सोडावयाचें असतें. शिवाय खाडीकांठची खार जमीन स्वस्त, मुंबई जवळ, आगगाडी दाराशीं. १९४७ नंतर मुंबई बेटांत जागा उरली नाहीं, तेव्हां उद्योगांचा लोंढा ठाण्याकडे वळणें स्वाभाविक होतें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत झाली. मागोमाग ठाणें-बेलापूरचा पट्टा आणि डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. खाडीच्या कांठीं कोलशेत आणि बाळकूम या कोळी-आगऱ्यांच्या गांवांशेजारीं रंग आणि रसायनें यांचे कारखाने आले. सँडोज, कलर-केम, बायर हीं नांवें ठाणेकरांच्या तोंडीं अशीं बसलीं, कीं रिक्षावाल्याला गांवाचें नांव सांगण्याऐवजीं कंपनीचें नांव सांगावें!

कल्याणच्या बाजूस, उल्हास नदीच्या कांठीं मोहोने येथें, या सर्वांच्या आधीं एक मोठा कारखाना उभा राहिला होता. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे लोकांच्या भाषेंत 'एनआरसी', ही कंपनी १९४६ सालची. कृत्रिम रेशीम काढणें हा तिचा धंदा. हें रेशीम कसें निघतें तें पाहिल्यावांचून नदीशीं त्याचा संबंध ध्यानांत येणार नाहीं. लांकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यांत भिजवितात. मग कार्बन डायसल्फाइड नांवाच्या उग्र, विषारी द्रवाशीं त्याचा संयोग घडवितात. त्यांतून मधासारखा दाट रस तयार होतो. हा रस अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडांत सोडला कीं त्याचे तंतू बनतात. ते तंतू पुन्हां पुन्हां धुवावे लागतात. प्रत्येक पायरीस पाणी. आणि तेंही स्वच्छ पाणी. म्हणून हा कारखाना समुद्रापाशीं न होतां गोड्या पाण्याच्या नदीकांठीं झाला. याच भागांत कल्याण-डोंबिवलीच्या नळांसाठीं नदीचें पाणी उचललें जातें. एकाच नदीवर गांवाची तहान आणि कारखान्याची तहान अशा दोन्ही लादल्या गेल्या.

कारखान्याशेजारीं कामगारांची वसाहत झाली, शाळा झाली. चार हजारांवर माणसें येथें कामास होतीं. कोंकणांतले, घांटावरचे, खानदेशांतले, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे. या कारखान्यांना केवळ मळ ओकणारे राक्षस ठरविणें हें, ज्यांचा संसार त्यांवर कधीं उभा नव्हता त्यांना सोपें जातें. ठाणें-कल्याणचा जो मध्यमवर्ग आज वाचनालयांचा वर्गणीदार आहे, त्याच्या आधींच्या पिढीचा पगार बहुधा अशाच एखाद्या प्रवेशद्वाराआड होत असे. आणि करमणुकीचें म्हणाल, तर १९५३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत पाळी संपवून आलेला कामगार तोंडाला रंग लावून उभा राहत असे. संस्कृति म्हणून जिला म्हणतात ती या भिंतींच्या आंत नव्हती असें कोणीं समजूं नये.

मग हे कारखाने गेले कां? परदेशीं माल स्वस्त झाला. यंत्रें जुनीं झालीं. कामगार आणि मालक यांच्यांतील तंटे विकोपास गेले. प्रदूषणाचे नियम कडक झाले. हीं सर्व कारणें खरीं आहेत. परंतु त्यांच्यामागें एक कारण आहे, आणि माझ्या मतें तेंच मुख्य आहे. जमिनीची किंमत तिच्यावरील यंत्रांच्या मिळकतीहून अधिक झाली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानें कारखान्यांजवळच्या अतिरिक्त जमिनीला उद्योगाच्या अटीवर सूट मिळे. ती जमीन सहजासहजीं विकतां येत नसे. महाराष्ट्रानें तो कायदा २००७ च्या नोव्हेंबरांत रद्द केला. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत कोलशेत रस्त्यावरच्या मोठमोठ्या जागा एकामागून एक हातोहात गेल्या. बायरची जागा कल्पतरु या बांधकाम-समूहाकडे गेली. सँडोजच्या रसायनविभागाची वारसदार जी क्लॅरियंट कंपनी, तिनें आपली सुमारें ८७ एकर जागा २०१४ सालीं लोढा समूहास १,१५४ कोटी रुपयांस विकली. रंग करून इतके पैसे मिळावयास किती वर्षें लागलीं असतीं, याचा हिशेब करण्याची कोणास गरज उरली नाहीं.

मुंबईच्या गिरणगांवांत याच्या आधीं काय घडलें तें आपण जाणतां. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला तो विधिपूर्वक कधीं संपलाच नाहीं. १९९१ च्या नियमान्वयें गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठीं, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीसाठीं आणि एक मालकासाठीं, अशी वांटणी ठरली होती. २००१ सालीं त्या नियमांत असा पालट झाला कीं, वांटणी फक्त आधींपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारतींखालची जमीन वगळली गेली, आणि वांटावयास फारसें कांहीं उरलें नाहीं. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा पालट ग्राह्य धरला. एका शब्दाच्या अर्थावर शेंकडों एकर इकडचे तिकडे झाले.

ठाणें-कल्याणांत गिरणगांवासारखी चळवळ झाली नाहीं. परंतु नियमांत एक कलम आहे आणि तें फार महत्त्वाचें आहे. बंद कारखान्याच्या जागेवर वस्ती करावयाची असेल, तर कामगारांचीं सर्व कायदेशीर देणीं चुकतीं झालीं आहेत, किंवा त्याविषयीं समाधानकारक तडजोड झाली आहे, असा कामगार आयुक्तांचा दाखला लागतो. जागा मोठी असेल तर तिचा ठराविक भाग सार्वजनिक सोयींसाठीं सोडावा लागतो. म्हणजे कायद्यानें दोन हक्क मानले आहेत: ज्यांनीं तेथें काम केलें त्यांचा, आणि जे शहरांत राहतात त्यांचा.

हे हक्क प्रत्यक्षांत कसे उतरतात याची कसोटी मोहोन्यास लागली. १५ नोव्हेंबर २००९ च्या सुमारास एनआरसीला टाळें लागलें. त्यानंतर वर्षांमागून वर्षें गेलीं. कामगारांचा पगार थांबला, भविष्यनिर्वाह निधीचे आणि उपदानाचे अर्ज साचले, वसाहतींतील कुटुंबें तेथेंच राहिलीं. जाणार कोठें? पुढें दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्याखालीं प्रकरण न्यायाधिकरणापुढें गेलें आणि मालमत्ता अदाणी समूहाच्या हातीं आली. या कायद्याची बांधणी सामान्य माणसानें समजून घेण्याजोगी आहे. कंपनी मोडीत काढावयाची झाल्यास मागच्या चोवीस महिन्यांचें कामगारांचें येणें तारणदार सावकारांच्या बरोबरीनें धरलें जातें. त्याआधींचें येणें त्या बरोबरींत बसत नाहीं. कंपनी न मोडतां ती दुसऱ्यास देण्याची योजना केली तरी किमान देणें ठरवितांना हेंच परिमाण पुढें असतें. भविष्यनिर्वाह निधि आणि उपदान यांना निराळें संरक्षण आहे. पण ज्या कामगाराचा कारखाना ९ वर्षांपूर्वीं बंद पडला त्याचे 'मागचे चोवीस महिने' कोणते? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें चालता कारखाना होता. मोहोन्याचा माणूस नव्हता.

मोहोन्याच्या कामगारांनीं देण्यांसाठीं प्रवेशद्वारापुढें ठाण मांडलें. मिळणाऱ्या रकमा अनेकांस मान्य नव्हत्या. इकडे वसाहतींतील इमारती पाडल्या जाऊं लागल्या. जेथें दोन पिढ्या वाढल्या त्या खोल्या रिकाम्या कराव्या लागणें हें नुसत्या रुपयांनीं मोजतां येत नाहीं. आणि रुपयेही हिशेबानें मिळाले नाहींत तर माणसाच्या हातीं राहतें काय? गंमत अशी कीं, कोलशेतप्रमाणें येथें घरेंच होतील असेंही नाहीं. या जागेच्या एका भागावर सीमेंट दळण्याचा कारखाना उभारण्याचा प्रस्ताव पुढें आला, आणि २०२५ च्या सप्टेंबरांतील जनसुनावणींत मोहोने-आंबिवली परिसरांतील रहिवाशांनीं त्याला विरोध केला. जुन्या कारखान्यानें त्यांस रोजगार दिला होता. नव्याची धूळ तेवढी आपल्या वांट्यास येणार, हें त्यांचें भय आहे. त्यांतून डोंबिवलींत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशीं रसायनांच्या कारखान्यांत जे स्फोट होऊन माणसें गेलीं त्यांची आठवण ताजी आहे. तेव्हां विरोध करणाऱ्यांस अडाणी म्हणणें मला तरी साधत नाहीं.

आतां दुसरा हक्क, शहराचा. बायरच्या जागेवरील वसाहतीशेजारीं साडेवीस एकरांचें एक उद्यान झालें आणि २०२४ च्या फेब्रुवारींत तें लोकांस खुलें झालें. झाडें पुष्कळ आहेत, तळें आहे, मुलांस धांवावयास जागा आहे. ठाण्यासारख्या दाट शहरांत ही लहान गोष्ट नव्हे. नांव मात्र न्यूयॉर्कहून आणलेलें आहे, आणि प्रवेशास तिकीट आहे. कोलशेतच्या जुन्या कोळीवाड्यांतील, रंगाच्या कारखान्यांतील, बाळकूमच्या शेतांतील एखादें नांव त्यास सुचलें नसतें काय? कारखान्यांची आठवण या भागांत एकाच सरकारी खात्यानें राखली आहे, तें म्हणजे टपाल खातें. तेथील डाकघराचें नांव 'सँडोज बाग' असें आहे. रेमंडच्या लोंकरी गिरणीच्या परिसरांतलें डाकघर तसेंच 'जेके ग्राम'. गिरणीचें कापड येथें निघेनासें झालें, २०१९ पासून गिरणीच्या जमिनीवर घरें उठूं लागलीं. पाकिटावरचें नांव तेवढें राहिलें.

या नव्या वसाहतींच्या पत्रकांत संस्कृतीचाही उल्लेख असतो: खुलें रंगमंच, कलादालन, वाचनकक्ष. परंतु ते बहुधा फाटकाच्या आंत, रहिवाशांपुरते. ठाणें-कल्याणच्या संस्कृतीचा इतिहास याच्या उलट आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. दोन्ही बाजारपेठेच्या गजबजाटांत, कोणीही आंत यावें अशीं. १९७८ चें गडकरी रंगायतन मासुंदा तळ्याच्या कांठीं, भर वस्तींत. येथें २०१० सालीं ठाण्यास आणि २०१७ सालीं डोंबिवलीस अखिल भारतीय साहित्य संमेलनें भरलीं, तीं या वाचकांच्या बळावर. एक गोष्ट मात्र खरी कीं, यांतील एकही संस्था खाडीच्या कांठीं नाहीं. खाडीकांठ तिला कधीं मिळालाच नाहीं. आधीं तुरुंग होता, मग कारखाने होते.

हॅम्बुर्ग शहरानें आपल्या जुन्या बंदराचें काय केलें तें या ठिकाणीं सांगण्याजोगें आहे. तेथें कोको, चहा, तंबाखू सांठविण्याची एक थोराड विटांची वखार होती. तिच्या भिंती न पाडतां वरच्या बाजूस संगीतगृह बांधलें. २०१७ च्या जानेवारींत तें उघडलें. खर्च ठरल्याच्या कित्येक पटींनीं वाढला आणि नगरवासीयांनीं पुष्कळ शिव्या दिल्या. पण भोंवतालच्या नव्या वस्तींत पाण्यालगतचा रस्ता सर्वांस मोकळा ठेवला आहे, आणि घरें पुराच्या पातळीहून उंच अशा जोत्यांवर उचलून बांधलीं आहेत. आमच्याकडे संगीतगृह नसलें तरी चालेल. जोत्यांची गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीनें बदलापूर-कल्याणांत काय केलें तें ज्यांनीं पाहिलें त्यांस हें निराळें सांगावयास नको. भरती आणि अतिवृष्टि एका वेळीं आलीं, तर खाडी देखावा राहत नाहीं.

सुदैवानें पाण्यालगतची पट्टी अगदींच मोकाट नाहीं. १९९१ पासून किनारा-नियमन अधिसूचना आहे. २०११ आणि २०१९ सालीं ती बदलली, सैल झाली असें पुष्कळांचें म्हणणें आहे, तरी ती आहे. खारफुटी तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं आणि पुन्हां २०१८ सालीं बंदी केली. ठाण्याच्या खाडीचा रोहित पक्ष्यांसाठीं राखलेला भाग २०१५ सालीं अभयारण्य झाला आणि २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत गणला गेला. कल्याणास दुर्गाडीपाशीं नौदलाची निवृत्त झालेली टी-८० ही नौका २०२४ सालीं आणून ठेवली आहे. शिवकालीन आरमाराची आठवण म्हणून. तेथें मुलें जातील, पाहतील, हें चांगलेंच. मोहोन्याच्या कारखान्याचा एखादा चरखा, एखादी हजेरीची वही, कोणी कोठें ठेवली आहे काय?

राहिली शेवटची बाब, जमिनीच्या पोटांतली. जेथें अनेक वर्षें रसायनें हाताळलीं गेलीं तेथील माती तपासल्यावांचून तीवर बाळगोपाळांचीं घरें उभीं करूं नयेत, हें सांगावयास शास्त्रज्ञ नकोत. आपल्या देशांत दूषित जमिनींचा शोध घेऊन त्यांची शुद्धि करण्याचे स्वतंत्र नियम २०२५ च्या जुलैंत झाले. कोलशेतचे व्यवहार त्यापूर्वींचे. म्हणून खाडीदर्शनाचें घर घेणाऱ्यानें खिडकीबरोबर आणखी कांहीं कागद मागावेत: माती आणि भूजल तपासल्याचा अहवाल, कामगार आयुक्तांचा दाखला, आणि मंजूर आराखडा, ज्यांत सार्वजनिक रस्ता पाण्यापर्यंत जातो कीं फाटकाशीं थांबतो हें दिसतें. बांधणाऱ्यानें कागद दाखविले नाहींत, तर दाखला आणि आराखडा यांच्या प्रती सरकारी दप्तरांत असतात; २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांच्या अर्जावर त्या मागतां येतात.